वेरूळच्या रस्त्यावरच्या जुन्या मोटारी : मराठवाड्यातल्या सहलींची पार्श्वभूमी

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे जुन्या गाड्यांची रांग निघाली, की चहाच्या टपरीवरचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. किंमत किती, हा पहिला. कुठून आणली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मालक हसून टाळतो. दुसऱ्याचं मात्र सविस्तर द्यायला हवं, कारण त्यात या भागाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो कुठे एकत्र सांगितलेला सापडत नाही.

पुष्कळांना वाटतं, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे या गाड्या नवाबांच्या गॅरेजमधून आल्या असणार. तसं झालेलं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले जिल्हे हैदराबाद संस्थानात होते हे खरं, पण संस्थानाची श्रीमंती हैदराबाद शहरात राहिली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ मध्ये मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, जिच्या मागच्या बाजूला सिंहासनासारखं आसन आहे, ती आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. ती हाती येण्याआधीच महबूब अली खान वारले. अशा गाड्या औरंगाबाद, परभणी, बीडकडे आल्या नाहीत. राजस्थानातल्या किंवा गुजरातेतल्या मेळाव्यांत राजघराण्यांच्या गाड्यांची जी ओळ लागते, ती आपल्याकडे लागत नाही, याचं कारण हेच.

आपल्या वाट्याला आले ते रस्ते, आणि रस्त्यांवरची सार्वजनिक वाहनं. १९०० मध्ये मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे औरंगाबादवरून गेली. संस्थानाच्या रेल्वेने जून १९३२ मध्ये स्वतःचं रस्ते वाहतूक खातं सुरू केलं, त्या वेळी २७ बस होत्या. दुसरीकडे १९१४ मध्ये संस्थानाचं पुरातत्त्व खातं निघालं, गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. अजिंठ्याची चित्रं वाचवण्यासाठी १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. लेण्यांची कीर्ती वाढली तसे पाहुणे वाढले. स्थानकावर उतरायचं आणि मोटारीने वेरूळ किंवा अजिंठा गाठायचा, हा शिरस्ता त्या काळात पडला. मोटारीत बसून हौसेने फिरायला जाण्याची मराठवाड्यातली जुनी वाट म्हणजे लेण्यांची वाट. आजच्या सहली त्याच वाटेने जातात, आणि मला हे फार योग्य वाटतं.

ती वाट सोपी मात्र नाही. शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबाद. तिथे रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटबंदीतल्या दरवाजातून जातो, समोरून बस आली तर एकाने थांबावंच लागतं. पुढे खुलताबादचा घाट. सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून केलेली सोय) नसलेल्या गिअरबॉक्सची गाडी चालवणाऱ्याला इथे डबल क्लच, म्हणजे गिअर बदलताना दोनदा क्लच दाबणं, येतो की नाही, हे पहिल्या वळणावर कळतं. रेडिएटर चोंदलेला असेल तर काटा लाल पट्टीत जातो आणि चढाच्या माथ्यावर बॉनेट उघडून उभं राहावं लागतं. वेरूळपर्यंतचे तीस किलोमीटर गाडी शांतपणे आली, तर ती अजिंठ्याचे शंभर किलोमीटरही जाईल असा जाणत्यांचा हिशेब असतो. कन्नडच्या पुढचा औट्रम घाट ही त्याहून अवघड परीक्षा. त्या घाटात ट्रकांच्या रांगेत अडकून क्लच जाळण्यात काही शौर्य नाही, म्हणून शहाणे लोक जुन्या गाड्या तिकडे नेत नाहीत.

एकत्र जमून जुन्या गाड्या लांबवर चालवत न्यायच्या, वाटेत थांबून खायचं, आणि झालेल्या सहलीचा वृत्तान्त सगळ्यांना पाठवायचा, ही पद्धत मूळची इंग्लंडची. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरची जाचक वेगमर्यादा शिथिल झाली म्हणून लंडनहून ब्रायटनला मोटारी निघाल्या होत्या. १९२७ मध्ये त्याची आठवण म्हणून तीच सफर पुन्हा काढली आणि ती परंपरा आजही चालू आहे. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसच्या गाड्या बाळगणाऱ्यांचा एमजी कार क्लब १९३० चा. १९३४ मध्ये निघालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तो फार पैसा नसलेल्या, पण १९३० पर्यंतच्या चांगल्या गाड्यांवर जीव असलेल्या लोकांनी काढला. नव्या गाड्या घेणं परवडत नव्हतं, आणि जुन्या जास्त चांगल्या बांधलेल्या आहेत अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधून घरी परतलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे एमजी टीसीसारख्या उघड्या टपाच्या दोन आसनी गाड्यांचं वेड अमेरिकेत पसरलं. आपल्या देशात १९६४ मध्ये स्टेट्समन वृत्तपत्राने जुन्या गाड्यांची रॅली सुरू केली. दिल्ली, कोलकाता, मुंबई इथे ही हौस रुजली, आणि आपल्याकडे ती बरीच उशिरा पोचली.

स्पोर्ट्स कार आपल्याकडे इतकी दुर्मीळ का, याची कारणं दिल्लीतल्या धोरणात आहेत आणि आपल्या मातीतही आहेत. १९२८ पासून जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला शेवरोले जुळवत होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायसलरच्या, नंतर फियाटच्या गाड्या निघाल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांना इथेच सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मोटारी बनवणारे मोजके कारखाने उरले: हिंदुस्थान, प्रीमियर, स्टँडर्ड. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबणाऱ्या देशात दोन माणसांची उघडी गाडी कोण बनवणार? जी थोडी एमजी, ट्रायम्फ मंडळी दिसतात, ती या धोरणाच्या आधी आलेली, किंवा परदेशी वकिलातींमधून आणि बाहेरून परतलेल्या लोकांबरोबर आलेली.

यात एक आडवाट मात्र फार उपयोगाची निघाली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने १९६१ पासून ट्रायम्फ हेराल्ड इथे बनवली. इटलीच्या मिचेलोत्ती या रेखाटनकाराने रेखाटलेली ही छोटी गाडी, अख्खं बॉनेट पुढे उलटतं, चॅसिस वेगळी. याच चॅसिसची लांबी कमी करून इंग्लंडमध्ये १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही खरी स्पोर्ट्स कार झाली. त्यामुळे आपल्याकडच्या भंगारवाल्याकडे मिळालेला हेराल्डचा एखादा भाग स्पिटफायरच्या मालकाला सोन्यासारखा असतो. दोन्हींचे मालक सहलीत एकमेकांशेजारी गाड्या लावतात ते काही उगाच नाही.

आता मातीचं. मराठवाड्यात काळी माती. पावसाळ्यात गावाकडच्या वाटेवर जमिनीपासून वीतभर उंच असलेली गाडी चालत नाही. इथे चालली ती जीप. डॉक्टरांनी, वकिलांनी, जिनिंगवाल्यांनी गाड्या घेतल्या त्या बहुधा मुंबई, पुणे किंवा हैदराबादहून जुन्या बाजारातल्या: फियाट ११००, अ‍ॅम्बेसेडर, कधी हेराल्ड. साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी अ‍ॅम्बेसेडरच. या गाड्या हौसेच्या नव्हत्या, रोज राबणाऱ्या होत्या. पेट्रोल महाग झालं तेव्हा कित्येकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवलं, जीपचा मागचा भाग वाढवून तिची काळी-पिवळी केली. त्या वेळी तो संसाराचा हिशेब होता. पण आज तोच बदल या गाड्यांच्या कागदपत्रांच्या आड येतो, ते पुढे सांगतो.

माझ्या मते आपल्याकडच्या या हौसेचा खरा पाया वर्कशॉपमध्ये आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबादच्या बससेवेचा मराठवाड्यातला भाग वेगळा झाला आणि १९६१ मध्ये तो महाराष्ट्राच्या एसटी महामंडळात आला. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, नागपूरजवळ हिंगणा आणि आपली चिकलठाणा. चॅसिस येते आणि तिच्यावर बसचा सांगाडा, पत्रा, खिडक्या, रंग सगळं इथे होतं. पत्रा ठोकून गोलाई काढणं, रिव्हेट मारणं, वेल्डिंगने सांगाडा सरळ ठेवणं, हे हातात असलेली माणसं या शहरात पिढ्यानपिढ्या आहेत. मग १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला. दुचाकी आणि रिक्षा बनायला लागल्या, आणि त्यांच्यासाठी सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने वाळूज, चिकलठाणा, रेल्वे स्टेशनच्या औद्योगिक वसाहतींत उभे राहिले. कास्टिंग, फोर्जिंग, प्लेटिंग, रबर मोल्डिंग, लेथ. ज्या शहरात १९५० च्या गाडीचा किंगपिन बुश (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं, तिच्याभोवतीची झिजणारी नळी) नमुना दाखवून दोन दिवसांत वळून मिळतो, त्या शहरात जुनी गाडी जिवंत ठेवता येते. मोठ्या शहरातले संग्राहक हेच काम परदेशातून पार्सल मागवून करतात. आपल्याकडचा फिटर झिजलेला भाग हातात घेतो, व्हर्नियर लावतो, आणि सांगतो की मूळ माप इतकं असणार. हे कसब म्हणजे मराठवाड्याचं या छंदातलं भांडवल, आणि त्याची नोंद कुणी ठेवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

याच उद्योगातून पैसा आला आणि गाड्यांची आवडही बदलली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला, ऑक्टाव्हिया तिथे जुळवली जाऊ लागली, पुढे ऑडीच्या गाड्याही. १.८ लिटर टर्बो पेट्रोलची ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये आली आणि वेगवान गाडी म्हणजे फक्त परदेशी मासिकात पाहायची गोष्ट, हे चित्र पालटलं. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातमी झाली. त्यात दिखावा पाहणारे होते, मला त्यात सामूहिकपणा दिसतो. एकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून, भाव करून. जुन्या गाड्यांचे गट चालतात तेही याच रीतीने: एकाकडे टायर मागवण्याची सोय, दुसऱ्याकडे प्लेटिंगचा कारखाना, तिसऱ्याकडे गाड्या लावायला शेत.

कायद्याने या हौसेला रूप दिलं ते जुलै २०२१ मध्ये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल, चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन बदललेलं नसेल, तर ती व्हिंटेज. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. आधी नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, आणि तो ठेवावाच असं मी म्हणेन, कारण नव्या मालिकेत जिल्ह्याचा आकडा येत नाही. गाडी संभाजीनगरची की लातूरची, हे पाटीवरून कळणार नाही. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे सहल हा आता अशा गाडीला रस्ता दिसण्याच्या थोड्या संधींपैकी एक झाला आहे.

अडचण दोन ठिकाणी आहे. डिझेल इंजिन बसवलेल्या आपल्या जीपा आणि अ‍ॅम्बेसेडर या व्याख्येत बसत नाहीत, मूळ इंजिन शोधून परत बसवलं तरच आशा. आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यापासून पन्नास वर्षं होईपर्यंतच्या गाड्यांना कुणी वाली नाही. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ ची, ती २०३३ पर्यंत कायद्याच्या लेखी फक्त जुनी गाडी. जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाची मर्यादा तीस वर्षांची आहे. त्या मापाने शेंद्र्याची पहिली ऑक्टाव्हिया २०३१ मध्ये ऐतिहासिक ठरेल, आपल्या नियमाने २०५१ मध्ये. या मधल्या वीस वर्षांत किती गाड्या भंगारात जातील, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

सहलींचा हंगाम पूर्वीपासून थंडीचा. मार्चनंतर आपल्याकडच्या उन्हात पेट्रोलची नळी इतकी तापते की आतल्या आत वाफ धरते आणि गाडी बंद पडते, मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. आता त्यात वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली. इथेनॉल जुने रबरी पाइप फुगवतं, कॉर्कच्या गॅस्केटी खातं, टाकीत पाणी धरतं. आपल्याच लातूर, धाराशिव, बीड, जालन्याच्या उसातून त्यातलं काही निघतं, आणि ऊसवाल्याच्या दारातल्या फियाटचा कार्बोरेटर त्यानेच गळतो. म्हणून गटांच्या निरोपांचा मजकूर बदललाय. पूर्वी पुढची सहल म्हैसमाळ की पैठण, जेवण कुठे, एवढंच असायचं. आता त्याखाली लिहिलेलं असतं: इथेनॉलला टिकणारे पाइप कोणत्या मापात मिळाले, कार्बोरेटरमधला फ्लोट कुणी पितळेचा करून दिला, आणि सहलीहून आल्यावर टाकी रिकामी करायची की भरून ठेवायची, यावर दोन्ही बाजूंची मतं.