अमेरिकेतलं खेडं म्हणजे फक्त गोरे शेतकरी?

‘अमेरिकेच्या ग्रामीण शाळा-जिल्ह्यात सगळे गोरे आणि सगळे शेतकरी’ हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलाय. (शाळा-जिल्हा म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारा स्थानिक विभाग.) तो चुकीचा आहे.

२०२०च्या जनगणनेनुसार तिथल्या ग्रामीण भागात साधारण चौघांत एक माणूस गोरेतर आहे. मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागात कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, ॲरिझोनातल्या चिनली शाळा-जिल्ह्यात जवळपास सगळी मुलं नवाहो या आदिवासी जमातीची. आयोवा राज्यातलं स्टॉर्म लेक हे छोटं शहर तर बघाच. डुकराच्या आणि टर्की पक्ष्याच्या मांसाच्या कारखान्यांमुळे तिथे मेक्सिको, लाओससारख्या देशांतून कुटुंबं आली आणि आज शाळेत लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं गोऱ्यांपेक्षा जास्त आहेत. कित्येक गावं ओस पडत असताना इथले वर्ग भरलेले आहेत, ते या कुटुंबांमुळेच.

शेतीचं म्हणाल, तर जमीन भरपूर दिसते, पण थेट शेतीत राबणारे दहांत एकापेक्षाही कमी. पोट चालतं ते शाळा, दवाखाने, कारखाने, दुकानं आणि सरकारी नोकऱ्यांवर. अनेक ठिकाणी शाळाच गावातली सर्वांत मोठी नोकरी देणारी.

आता पैशाची बाजू. या शाळांचा बराच खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. पण आदिवासींसाठी राखीव किंवा केंद्र सरकारच्या जमिनीवर हा कर लावता येत नाही. म्हणून १९५०पासून ‘इम्पॅक्ट एड’ हे केंद्रीय अनुदान दिलं जातं. कुणी त्याला खैरात म्हणतं, तेव्हा मला राग येतो. ती बुडालेल्या कराची भरपाई आहे, आणि तीही बहुतेकदा अपुरी.