कयाकची चीर गोंदाला का दाद देत नाही?

कोलाडला कुंडलिकेत किंवा तारकर्लीजवळ कर्लीच्या खाडीत दिसणाऱ्या रंगीबेरंगी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, बहुतेक पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकच्या असतात. गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी ज्या रीतीने घडते, त्याच रीतीने त्या घडतात. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी भरून तो भट्टीत उभा-आडवा फिरवत ठेवतात. भुकटी वितळून साच्याला आतून सगळीकडे थर धरते आणि निवल्यावर एकसंध, पोकळ होडी बाहेर येते. खडकावर आदळली तर तिला पोचा येतो, पण तुकडे होत नाहीत. मात्र ती गळू लागली, की लोक बाजारातला महागातला गोंद आणतात, आणि तो दोन-चार फेऱ्यांत पापुद्र्यासारखा सुटून येतो.

दोष गोंदाचा नसतो. १९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविच इथे आयसीआय कंपनीचे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन एथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करत होते. त्यांच्या भांड्यात अनपेक्षितपणे एक पांढरा, मेणचट पदार्थ उरला. तेच पॉलिइथिलीन. त्याचा मेणचटपणा वरवरचा नाही. मेणबत्तीच्या मेणात कार्बनच्या वीस-तीस अणूंची साखळी असते, तिला हायड्रोजन लगडलेले. पॉलिइथिलीनमध्ये तीच साखळी हजारो अणूंची होते. तिच्यावर विद्युतभार जवळपास सगळीकडे सारखा वाटलेला असल्याने गोंदाच्या रेणूला घट्ट धरायला काही सापडत नाही. पॉलिइथिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला आपल्यावर पसरवून घेण्याची ओढ, मीटरला सुमारे ३१ मिलिन्यूटन; तर इपॉक्सी या दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाचा, तो पातळ असताना, पृष्ठताण, म्हणजे थेंब गोळा करून धरणारी ओढ, ४० च्या वर. म्हणून इपॉक्सी त्यावर नीट पसरतच नाही. भरीला, उन्हात हे प्लॅस्टिक इपॉक्सीपेक्षा बरेच जास्त प्रसरण पावते आणि सांधा रोज थोडाथोडा ओढला जातो.

यावर एक सुंदर तोड आहे. गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत प्लॅस्टिकवरून झरझर फिरवायची, ते वितळू द्यायचे नाही. पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते आणि साखळ्यांवर जागोजागी ऑक्सिजनयुक्त गट बसतात. फरक डोळ्यांना दिसतो. ज्योत फिरवण्याआधी टाकलेले पाणी गोल थेंब होऊन ओघळते. नंतर त्याच जागी ते पातळ पडद्यासारखे पसरून राहते. आता लवचीक इपॉक्सी बऱ्यापैकी धरते. पण आरपार गेलेल्या चिरेला मी हा उपाय सुचवणार नाही. तिथे प्लॅस्टिक वितळवूनच सांधावे.

त्याआधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला हवे. पुष्कळदा तळ शाबूत असतो आणि पाणी बुचाच्या सैल झालेल्या रबरातून किंवा रिव्हेटच्या कडेने झिरपते. तळ बाहेरून पुसून कोरडा करावा, आत थोडे पाणी ओतावे आणि कयाक सावकाश कलती करत न्यावी. ओल फुटेल तिथे खूण करावी. वाळूवरून फरफटत नेल्याने मागच्या टोकाचा तळ झिजतो, तो आधी पाहावा. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी निथळायची आरपार भोके असतात. त्यांच्या कडाही अशाच तडकतात.

चिरेच्या दोन्ही टोकांना आधी लहान गोल भोक पाडावे. टोकदार जागी सगळा ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकते. गोलाईवर तो विभागला जातो. मग कडा तिरप्या तासून खाच करायची आणि वरचा ऑक्सिडीकरण झालेला थर खरवडून ताजे प्लॅस्टिक उघडे करायचे. भरणी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची हवी, शक्यतो त्याच कयाकच्या कडेला तासून काढलेली पट्टी. बादलीचा तुकडा वापरायचा मोह टाळावा. अनेक बादल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. ते १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, कयाकचे प्लॅस्टिक १२० ते १३० ला, आणि वितळूनही दोघे एकजीव होत नाहीत.

हीट गनने, म्हणजे तापलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, पट्टी आणि खाच दोन्ही तापवायच्या. मॅट दिसणारा पृष्ठभाग ओलसर चकाकू लागला की वेळ झाली. त्या अवस्थेत दोन्हीकडच्या लांब साखळ्या वळवळत एकमेकींत शिरतात, गुंततात, आणि निवताना तशाच अडकून बसतात. हा गुंता म्हणजेच सांध्याची ताकद. नुसती पट्टी वितळली आणि खाच थंड राहिली, तर जोड दिसायला झकास होतो, पण नखाने उचकटतो. उलट धूर निघेपर्यंत तापवले तर साखळ्याच तुटतात. मोठ्या चिरेवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी तापवून आत दाबतात आणि वरून पुन्हा प्लॅस्टिक भरतात. नदीवरच अडचण आली, तर कोरड्या तळावर ब्युटिल रबराची चिकटपट्टी दाबून किनारा गाठता येतो, तेवढ्यापुरतीच ती.

सगळ्याच कयाक मात्र अशा सांधता येत नाहीत. काही आडव्या बंधांच्या पॉलिइथिलीनच्या असतात. त्यांच्या साखळ्या रासायनिक बंधांनी एकमेकींना कायमच्या जखडलेल्या असल्याने उष्णतेने त्या मऊ पडतात, पण वाहत नाहीत. म्हणून कुठल्याही कयाकवर आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात चिमूटभर भाग तापवून पाहावा. आणि वर्षानुवर्षे उन्हात पडून फिकट, पिठूळ झालेली कयाक सांधूच नये. अतिनील किरणांनी तिच्या साखळ्या आखूड झालेल्या असतात. एक चीर बुजवली की शेजारचे प्लॅस्टिक तडकते.