वाय की एम? कस्टम कर्नल उठत नसेल तर आधी हे तपासा

लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, स्वतः कंपाइल करायला बसलं की मेनूकॉन्फिगच्या, म्हणजे त्यात काय घ्यायचं ते निवडायच्या, पडद्यावर बहुतेक ड्रायव्हरपुढे (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडपुढे) एक कोनी कंस दिसतो. त्यात चांदणी असेल तर 'वाय', एम असेल तर 'एम', रिकामा असेल तर तो ड्रायव्हर नाहीच. जळगाव, धुळे, भुसावळकडची मुलं जुन्या लॅपटॉपवर हा खटाटोप मोठ्या हौसेने करतात. मग फोन येतो, "भाऊ, कर्नल तं बनी गयं, पन मशीन चालू व्हत नही." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिस्कचा ड्रायव्हर वाय आहे की एम? बऱ्याच जणांचं उत्तर असतं, "दोन्ही एकच ना? ड्रायव्हर तर आहे!"

ड्रायव्हर आहे हे खरं, आणि कोडही तोच आहे. पण तो कुठे ठेवलाय आणि कर्नलच्या हाती कधी लागतो, यात सगळा फरक आहे. वाय केलेला ड्रायव्हर बीझेडइमेज या कर्नलच्या फाइलीतच शिवलेला असतो. मशीन चालू होताना कर्नल उचलणाऱ्या ग्रबने ती फाइल मेमरीत टाकली की तोही आत आला. एम केलेल्या ड्रायव्हरची वेगळी केओ फाइल, म्हणजे मॉड्यूल, बनते आणि ती लिब-मॉड्यूल्समध्ये त्या कर्नलच्या आवृत्तीच्या फोल्डरात, म्हणजे डिस्कवर, जाऊन बसते. गरज पडेल तेव्हा मॉडप्रोब हा प्रोग्राम ती तिथून उचलतो.

आता डिस्कचा ड्रायव्हरच एम असेल तर? डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं हे होतं. यावरचा उपाय म्हणजे इनिटरॅमएफएस. ही एक छोटी तात्पुरती फाइलसिस्टीम, ग्रब ती कर्नलबरोबरच मेमरीत टाकतो. तिच्यात गरजेची मॉड्यूल्स असतात. आधी ती लोड होतात, मग खरी रूट डिस्क, म्हणजे जिच्यावर सिस्टीम आहे ती, जोडली जाते. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांचं तयार कर्नल याच पद्धतीवर चालतं, कारण कोणाच्या मशीनमध्ये कुठली डिस्क निघेल हे त्यांना आधी कळणार नसतं. तुमचं मशीन मात्र तुम्हाला माहीत आहे.

गडबड झाली की पडद्यावर येतं: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक'. पुढे कंसात दोन आकडे असतात. लोक घाबरून पॉवरचं बटन दाबतात, पण फोटो काढून ठेवा, सगळं निदान त्यातच आहे. कंसात (०,०) असेल तर कर्नलला रूटचं पार्टिशन सापडलेलंच नाही. (८,२) असेल तर डिस्क सापडली आहे, ८ म्हणजे एसडी जातीची डिस्क आणि २ म्हणजे तिचं दुसरं पार्टिशन. तिथे अडलंय ते फाइलसिस्टीमपाशी: ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस, जी तुमची फाइलसिस्टीम असेल ती, तुम्ही एम करून बसला आहात आणि इनिटरॅमएफएस नाही.

(०,०) दिसलं तर थोडं वर बघा. सापडलेल्या पार्टिशनांची यादी तिथे छापलेली असते. यादी रिकामी असेल तर डिस्कचाच ड्रायव्हर नाही, एनव्हीएमई (नव्या एसएसडीचा) किंवा एएचसीआय (साटा डिस्कचा) ड्रायव्हर वाय करा. यादी भरलेली असूनही (०,०) येत असेल तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. ग्रब कर्नलला जी ओळ देतो त्या ग्रबच्या ओळीत 'रूट=यूयूआयडी' लिहिलंय का ते बघा. इनिटरॅमएफएस नसताना कर्नलला यूयूआयडी (फाइलसिस्टीमचा ओळखक्रमांक) समजत नाही, पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) समजतो. तो बीएलकेआयडी ही कमांड दाखवते. ड्रायव्हर बरोबर असूनही कॉन्फिग बदलत आणि पुन्हा पुन्हा कंपाइल करत बसलेले लोक मी पाहिलेत. एक ओळ बदलली असती तर काम झालं असतं.

पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकल्याचा वरचा मेसेज, न येता 'इनिटरॅमएफएस' लिहिलेला साधा प्रॉम्प्ट येऊन थांबलं तर प्रकार वेगळा. इनिटरॅमएफएस आहे, पण तिच्यात हवं ते मॉड्यूल नाही. डेबियन-उबुंटूवर याचं नेहमीचं कारण म्हणजे क्रम चुकणं. बरोबर क्रम असा: आधी 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल', मग 'मेक इन्स्टॉल'. दुसऱ्या कमांडच्या पोटात इनिटरॅमएफएस बनते. त्या वेळी मॉड्यूल्स जागेवर नसतील तर ती त्यांच्याविनाच बनणार.

हे वाचून कोणी म्हणेल, मग सगळंच वाय करू, कटकट नको. असं करू नका. वायफाय आणि एएमडी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला फर्मवेअरची, म्हणजे त्या चिपच्या आतल्या प्रोग्रामची, फाइल लागते आणि ती लिब-फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कवर असते. वाय केलेला ड्रायव्हर रूट जोडली जाण्याआधीच जागा होतो, फर्मवेअर मागतो, आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, उणे २ चा एरर, म्हणजे 'फाइल नाही', टाकून गप्प बसतो. हाच ड्रायव्हर एम ठेवला तर तो नंतर लोड होतो आणि फर्मवेअर सापडतं. वाय ठेवायचाच असेल तर ते फर्मवेअरही कर्नलमध्ये किंवा इनिटरॅमएफएसमध्ये घालावं लागतं. शिवाय वाय ड्रायव्हर एलएसमॉडमध्ये (लोड मॉड्यूल्सच्या यादीत) दिसत नाही, आरएममॉडने (मॉड्यूल काढायच्या कमांडने) निघत नाही, आणि मॉडप्रोब-डीमध्ये (मॉड्यूल्सच्या सेटिंगच्या फोल्डरात) लिहिलेली ब्लॅकलिस्ट किंवा सेटिंग त्याला लागू होत नाही. त्याची सेटिंग ग्रबच्या ओळीत द्यावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: रूटपर्यंत पोचायला जे लागतं ते वाय, बाकी एम.

एम ठेवण्यातही एक खर्च आहे, आणि खान्देशात मे महिन्यात तो चांगलाच जाणवतो. तयार कर्नलचं कॉन्फिग जसंच्या तसं घेतलं तर हजारो मॉड्यूल्स कंपाइल होतात, जुन्या लॅपटॉपवर तासन् तास. बाहेर ४५ अंश, सगळे कोर कामाला लावलेले, त्यात लाइट जाणार. मेक कमांड पुन्हा दिली की काम राहिलं तिथून पुढे सुरू होतं, त्यामुळे लाइट गेली तर घाबरू नका. नंतर लिंकरने (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामने) एखादी ऑब्जेक्ट फाइल तुटकी म्हटलं तर तेवढीच पुसा. कंपाइलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर कोसळत असेल तर कोडवर शंका घेण्याआधी तापमान आणि रॅम तपासा. नुसतं 'किल्ड' आलं तर मेमरी संपली, मेक कमांडमधला '-जे'पुढचा आकडा (एका वेळी किती कामं चालवायची तो) कमी करा.

हा वेळ 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'ने खूप वाचतो. त्या क्षणी लोड असलेलीच मॉड्यूल्स ते ठेवतं, बाकीची काढून टाकतं. म्हणून ते चालवण्याआधी पेनड्राइव्ह, यूएसबी वायफाय, प्रिंटर, फोनचं टेदरिंग, जे जे वापरता ते एकदा जोडा. नाहीतर नवीन कर्नलवर पेनड्राइव्ह उघडणार नाही आणि तुम्ही पोर्ट खराब झालं समजून दुरुस्तीला न्याल.

रीबूट करण्याआधी दोन गोष्टी बघा. डॉट-कॉन्फिगमध्ये, म्हणजे तुमच्या निवडी साठवलेल्या फाइलीत, तुमच्या डिस्कच्या ड्रायव्हरचं आणि फाइलसिस्टीमचं नाव ग्रेप करा (शोधा), वाय आहे की एम ते वाचा. एम निघालं तर नवीन इनिटरॅमएफएसमध्ये ते नाव शोधा, डेबियन-उबुंटूवर एलएसइनिटरॅमएफएस आणि फेडोरावर एलएसइनिटआरडी. सापडलं नाही तर रीबूट करू नका, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. आणि जुनं कर्नल ग्रबच्या मेनूत राहू द्या, नवीन कर्नल नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत ते पुसू नका.