सायकल वाटली, शिकवायची कोणी?

‘शाळेत सायकल’ म्हटलं की कोकणात अजून वाटपच डोळ्यांसमोर येतं: मंडप, हार घातलेली सायकलींची रांग, फोटो. शारीरिक शिक्षणाच्या तासाला सायकल शिकवायची ही कल्पना त्यामानाने नवी.

पूर्वी तशी गरजही नव्हती. शाळेची वाट म्हणजे पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या, मध्ये वहाळ म्हणजे ओढा, त्यावर साकव. अशा वाटेवर सायकल खांद्यावरच घ्यावी लागली असती. शिकायचं ते मे महिन्यात, सड्यावर म्हणजे माथ्यावरच्या कातळी सपाटीवर, नाहीतर ओहोटीच्या घट्ट वाळूवर, बापाच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत. वाळूत पडलं तर लागत नसे. पण घरी येऊन चेन गोड्या पाण्याने धुऊन तेल दिलं नाही, तर ती गंजून लाल व्हायची आणि मग बापाचा हात. शाळेत तेव्हा कवायत आणि लेझीम.

डांबरी रस्ते वाड्यांपर्यंत गेले आणि मुलींसाठी सरकारी योजनेतून सायकली आल्या. खरा घोळ इथे झाला, आणि तो ‘अंतर’ या एका शब्दाचा. लाभार्थी ठरवताना घर ते शाळा किमान अंतराची अट. पण मोजायचं कुठून? वाडीतली मुलगी पाखाडीने उतरते, तिचं अंतर दीड किलोमीटर. डोंगराला वळसा घालणाऱ्या रस्त्याने तेच चार. पायवाट धरली तर ती अपात्र, रस्ता धरला तर पात्र. सायकल रस्त्यानेच जाणार, पायऱ्यांवरून नव्हे. तेव्हा रस्ताच धरायला हवा, यात वाद कसला? तरी दाखल्यावर कोणता आकडा घालायचा यावरून हेलपाटे झाले. मुलीला सायकल येते का, हा रकाना मात्र अर्जात नव्हता.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेने उलट केलं: बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. आपल्याकडे वस्तू आधी.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक दिला, पण शंभरावर पट असेल तरच. कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत पंधरा-वीस मुलं. म्हणजे सीट खाली घेऊन, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, आधी नुसता तोल शिकवायचा तर तो गणिताच्याच गुरुजींनी, कॅरिअर धरून पळत.

2016 अखेरीस राज्य सरकारचं वस्तूऐवजी पैसे थेट लाभार्थीच्या खात्यात द्यायचं ठरलं. आता सायकल आधी घ्यायची, बिल मग जोडायचं. ती दारात येईपर्यंत बहुधा जून उजाडतो. मैदानात लाल चिखल, शारीरिक शिक्षणाचा तास व्हरांड्यात, आणि नवी सायकल पडवीत प्लास्टिकखाली, दसऱ्याची वाट पाहत.