नाताळची आल्याची कुकी मऊ कशी झाली

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या घराघरांत एक कुकी हमखास भाजली जाते. रंगाने गडद तपकिरी, साखरेत घोळवलेली, वरून भेगाळलेली आणि आतून मऊ. नाव आल्याचं असलं तरी मऊपणाचं श्रेय आल्याला नाही, ते मळीला आणि खायच्या सोड्याला. हे दोघे एकत्र यायला मात्र काही शतकं जावी लागली.

युरोपात पूर्वी पोचायची ती बहुतेक सुंठ. ओलं आलं एवढ्या प्रवासात टिकणार कसं? मलबारच्या किनाऱ्यावरून अरब व्यापाऱ्यांमार्फत अलेक्झांड्रिया, तिथून व्हेनिस आणि मग आल्प्स ओलांडून जर्मन शहरं, असा तिचा रस्ता. अमेरिकन कुकीतही आज प्रामुख्याने सुंठीची पूडच पडते.

पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी हस्तलिखितात ‘जिंजरब्रेड’ची कृती आहे. मध उकळून त्यावरचा फेस काढायचा, त्यात केशर, मिरपूड आणि किसलेला पाव घालून गोळा घट्ट करायचा, वर दालचिनीची पूड पेरायची, चौकोनी काप पाडायचे आणि त्यांवर लवंगांनी पानं टोचायची. भट्टीचा संबंधच नाही. आपल्या वडीच्याच जातीतला प्रकार म्हणायचा! आणखी गंमत म्हणजे त्या कृतीत आल्याचा उल्लेखच नाही. नाव आल्याचं, पातेल्यात मिरी.

भट्टीतला प्रकार नावारूपाला आणला तो जर्मनीतल्या न्यूरेंबर्गने. तिथल्या लेबकुखेन, म्हणजे मध-मसाल्याची जर्मन बिस्किटं, करणाऱ्यांची नोंद १३९५पासून सापडते, आणि १६४३मध्ये त्यांचा स्वतंत्र संघ झाला. शहर व्यापारी मार्गांवर, म्हणजे मसाल्यांची ददात नाही, आणि आसपासच्या जंगलांत मधाचा सुकाळ. तरी मसाले महागच, त्यामुळे पदार्थ सणावारीचा. शिवाय मधाचं पीठ दीर्घकाळ टिकतं, भाजलेला लेबकुखेन डब्यात ठेवला की हळूहळू मऊ पडतो. नाताळाशी त्याची गाठ घट्ट बसली यात नवल नाही.

अमेरिकेत मधाची जागा मोलॅसिसने घेतली. उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतले की उरते ती मळी. मोलॅसिस हे तिचंच खाण्याजोगं रूप. कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते, साखर युरोपला जात होती आणि उरलेलं मोलॅसिस पिंपांत भरून न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर. तिथे त्याची रम व्हायची आणि गोरगरिबांच्या स्वयंपाकघरात तेच साखरेचं काम करायचं. ब्रिटिशांनी १७३३मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात नसलेल्या बेटांवरून येणाऱ्या मोलॅसिसवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. तो चुकवणं हा मग किनाऱ्यावरचा जोडधंदाच झाला. अमेरिकन स्वातंत्र्यात मोलॅसिसचा वाटा होता हे कबूल करायला लाजायचं कशाला, असं अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स पुढे १८१८मध्ये लिहून गेले.

अमेलिया सिमन्स यांचं पुस्तक १७९६मध्ये हार्टफर्डला छापलं गेलं. अमेरिकन लेखिकेने लिहून अमेरिकेतच छापलेलं हे पहिलं पाककृतींचं पुस्तक मानतात. त्यात मोलॅसिसच्या जिंजरब्रेडला चार पौंड पीठ, एक क्वार्ट (साधारण लिटरभर) मोलॅसिस आणि लोणी फक्त चार औंस. मसाला दालचिनीचा, जोडीला धणे किंवा ऑलस्पाइस. हे सगळं घट्ट होईपर्यंत मळायचं. मऊ जिंजरब्रेडची कृतीही त्यात आहे, पण ती वीस अंडी आणि दोन पौंड लोण्याची. मऊपणा तेव्हा पैसेवाल्यांचा होता, असंच मला हे वाचून वाटतं.

तरीही सिमन्सबाईंच्या त्या घट्ट पिठातच पुढची खूण आहे. त्यात पर्ल अ‍ॅश पडते, म्हणजे लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार. मोलॅसिस किंचित आंबट. आंबट आणि क्षार एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. राखेच्या क्षाराची एक कडवट, साबणासारखी चव मागे राहायची. खायचा सोडा बाजारात आला तेव्हा ती अडचण मिटली. जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी अमेरिकेत १८४६मध्ये त्याचा धंदा सुरू केला.

मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या एकेकाळच्या मच्छीमारांच्या गावात ‘जो फ्रॉगर’ नावाची थोरली कुकी अजून करतात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले कृष्णवर्णीय जोसेफ ब्राउन आणि त्यांची पत्नी लुक्रेशिया यांचा तिथे गुत्ता होता, ही कुकी त्यांचीच असं गावात सांगतात. मोलॅसिस, रम आणि मसाले, दूध-अंडं नाही. त्यामुळे ती बोटीवर बराच काळ टिकायची.

आजच्या मऊ कुकीचं गणित तेच, फक्त लोणी सढळ आणि जोडीला अंडं. मोलॅसिसमधल्या साखरा हवेतला ओलावा धरून ठेवतात, म्हणून कुकी दुसऱ्या दिवशीही कडक होत नाही. सोड्याने पीठ पसरतं आणि रंग गडद होतो. वरचा थर आधी सुकून धरतो, आतलं पीठ अजून फुगतच असतं, त्याने वरचा थर फाटतो आणि भेगा पडतात. भेगांच्या आत पीठ जरा ओलसर दिसत असतानाच ट्रे बाहेर काढायचा. आणखी काही मिनिटं ठेवलात तर ती कुरकुरीत जिंजर स्नॅपच्या वाटेला लागते.

पांढरी साखर स्वस्त झाली तसं विसाव्या शतकात मोलॅसिस अमेरिकेच्या रोजच्या स्वयंपाकातून मागे पडलं. तिथल्या ब्राउन शुगरमध्ये ते थोडंसं असतं. बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेतच ते पुन्हा मिसळलेलं असतं. आपल्याकडे ही कुकी करायची तर काकवी चालते. गुऱ्हाळातल्या काकवीतून साखर काढून घेतलेली नसते, त्यामुळे ती जास्त गोड आणि कमी कडवट. कृतीतली साखर तेवढी कमी करावी आणि सुंठ जरा सढळ हाताने घालावी.