घसरणे आणि निसटणे

पावसाळ्यात आडावर पाणी शेंदणाऱ्या माणसाला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काठावरच्या ओल्या, शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरू नये ही एक, आणि भरलेल्या पोहऱ्याचा दोर हातातून निसटू नये ही दुसरी. दोन्हींचे मूळ कारण एकच आहे: पाण्यामुळे आणि शेवाळामुळे घर्षण कमी होते. तरीही आपण पायासाठी एक क्रियापद वापरतो आणि दोरासाठी दुसरे. लिहिताना मात्र या दोहोंची गल्लत होते, आणि ती झाली की वाक्याचा अर्थच नव्हे, तर दोष कोणाचा हेही बदलून जाते.

फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण प्रत्ययात आहे. माणूस दगडावरून घसरतो, रेल्वेचे डबे रुळावरून घसरतात, पदर खांद्यावरून घसरतो. याउलट मासा हातातून निसटतो आणि चोर तावडीतून निसटतो. घसरण्याला खाली एखादा पृष्ठभाग लागतो, तर निसटण्याला आधी पकड लागते. म्हणूनच ‘पाय निसटला’ हेही चूक नाही, पण ते शिडीच्या पायरीत किंवा खडकाच्या खोबणीत रोवलेल्या पायाबद्दल अधिक शोभते. देवगिरीच्या किल्ल्याचा तासून उभा केलेला कडा खालून पाहताना हे चांगले समजते, कारण तिथे चढू पाहणाऱ्याचा पाय घसरेल आणि खाचेत रोवलेली बोटे निसटतील.

घसरण्याचा खरा अनुभव आमच्याकडची काळी माती देते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज मुबलक असते. त्याच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, आणि उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की तिला भेगा पडतात. ओली असताना हे थर एकमेकांवरून सहज सरकतात. त्यात चिखल चपलेलाही चिकटतो, म्हणजे दोन-चार पावलांनंतर तळवा आणि जमीन यांचा संबंध उरतच नाही, चिखलावर चिखल चालत असतो. पाऊस पडून गेल्यावर बांधावरून जाणारी जाणती माणसे चपला हातात घेतात आणि अंगठा मातीत रुतवत चालतात, ते याचसाठी. इथे आणखी एक गैरसमज दूर होतो. निसरडे म्हणजे गुळगुळीत नव्हे. घरातली घासून चकचकीत झालेली शहाबादी फरशी कोरडी असताना गुळगुळीत असते, पण तिच्यावर सहसा कोणी पडत नाही; बांध मात्र खडबडीत असूनही निसरडा असतो.

निसटण्याची रीत वेगळी आहे. सीताफळाची नुकतीच चोखलेली बी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबून पाहा. जितके जोरात दाबावे तितक्या वेगाने ती पुढे उडते, कारण तिचे टोक निमुळते असते आणि दोन्ही बाजूंनी पडणारा दाब तिला पुढेच ढकलतो. ओल्या साबणाचे असेच होते. अशा वस्तूला आपण बुळबुळीत म्हणतो, निसरडी म्हणत नाही; निसरडी असते ती वाट, पायरी किंवा घाट. घसरणाऱ्याचे स्वतःचे वजन त्याला खाली नेते, तर निसटणाऱ्या वस्तूला कधीकधी धरणाऱ्याची घट्ट मूठच बाहेर ढकलते.

लाक्षणिक अर्थातही हा भेद टिकून आहे. जिथे वर-खाली मोजता येते तिथे घसरणे येते: सोयाबीनचे भाव घसरतात, रुपया घसरतो, भूजलाची पातळी घसरते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाच्या टंचाईचे वर्णन करताना पाणीपातळी ‘निसटली’ असे कोणी म्हणणार नाही. पण भाव चढलेला असताना माल घरात ठेवला आणि मग तो उतरला, तर विकण्याची संधी निसटली असेच म्हणावे लागेल. निवडणुकीतला निसटता विजय हाही याच जातीचा, कारण तो हातातून जाता जाता राहिलेला असतो.

सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते ती बोलण्याच्या बाबतीत. सोयरिकीची बोलणी अजून घरातच असताना धाकट्याने ती पाहुण्यांसमोर उघड केली, तर त्याच्या तोंडून ती गोष्ट निसटली. जपून ठेवायचे होते ते बाहेर गेले, पण कोणाचा अपमान झाला नाही. ग्रामसभेत कोणी समोरच्याच्या आईबहिणीचा उद्धार केला, तर त्याची जीभ घसरली. इथे गुपित फुटलेले नाही, बोलणारा पायरीवरून खाली आलेला आहे. मराठीत ‘शिवीगाळीवर घसरला’ असे म्हणतात, म्हणजे कुठून घसरला एवढेच नव्हे, तर कुठे येऊन पोहोचला हेही हे क्रियापद सांगते. निसटण्याला असे ठिकाण जोडले जात नाही.

म्हणून शिवी देणारा जेव्हा ‘शब्द तोंडून निसटला’ असे म्हणून सुटू पाहतो, तेव्हा ते मला मान्य होत नाही, कारण मनात जपून ठेवलेले गुपित आणि समोरच्यावर फेकलेला अपमान एकाच मापाने मोजता येत नाहीत. वर्तमानपत्रांच्या ‘जीभ घसरली’ या मथळ्याबद्दलही माझी हीच तक्रार आहे. पाय नकळत घसरतो. माईकसमोर उभे राहून, टाळ्या येईपर्यंत थांबून, तोच अपशब्द दुसऱ्यांदा उच्चारणाऱ्याची जीभ घसरलेली नसते. त्याने तो शब्द वापरला, एवढेच तिथे लिहायला हवे.

ज्येष्ठात पेरणीची लगबग सुरू झाली की ही दोन्ही क्रियापदे एकाच शेतात भेटतात. पाऊस थांबल्याबरोबर कोणी घाईने औत घातले तर बैलांचे पाय घसरतात आणि माती फाळाला चिकटून बसते. फार वाट पाहिली तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगा मातीचा ओलावा, निसटतो आणि ढेकळे कडक होतात.