आनंदाचे आकडे आणि मेंदूतली रसायनं

मानसशास्त्राची तोंडओळख करून देणारं कुठलंही पुस्तक घ्या. सुरुवातीलाच चेतापेशी, त्यांच्यामधली बारीक फट आणि त्या फटीतून निरोप नेणारी डोपामाइन, सेरोटोनिन ही रसायनं भेटतात. बरीच पानं उलटल्यावर आनंदावरचं संशोधन येतं: पैशानं सुख वाढतं का, लॉटरी लागलेला माणूस किती काळ खूश राहतो. दोन्ही विषय एकाच पुस्तकात असल्यामुळे वाचणारा मनातल्या मनात त्यांची सांगड घालतो. मग ‘डोपामाइन म्हणजे आनंद’, ‘सेरोटोनिन कमी म्हणजे डिप्रेशन’ अशी वाक्यं सगळ्यांच्या तोंडी बसतात. प्रत्यक्षात हे दोन्ही विषय वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांकडे फारसं न बघता वाढवले. रसायनं सापडली ती हृदयाचे ठोके, रक्तदाब, आतडी आणि हालचाल यांचा अभ्यास करताना. आनंदाचं संशोधन उभं राहिलं ते लोकांना प्रश्न विचारून. हा इतिहास वाचला की ती वाक्यं किती घाईनं केलेली आहेत ते लक्षात येतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाद होता तो मेंदू म्हणजे एकसंध जाळं की सुट्या पेशींचा समूह, याचा. इटलीचे कामिलो गोल्जी जाळ्याच्या बाजूचे, तर स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल सुट्या पेशींच्या. काहाल यांनी पुरावा जमवला तो गोल्जींनीच शोधलेली पेशी रंगवण्याची पद्धत वापरून. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जींनी नोबेलच्या व्याख्यानातही काहालांच्या मताचं खंडनच केलं. पुढे काहाल बरोबर ठरले. पण पेशी सुट्या असतील तर एकीचा निरोप दुसरीला पोचतो कसा, हा प्रश्न उरलाच.

त्याचं उत्तर ऑस्ट्रियातल्या ग्रात्स विद्यापीठात ओटो लोवी यांना बेडकाच्या हृदयानं दिलं. १९२१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग इतका साधा आहे की शाळकरी मुलालाही समजावा. दोन बेडकांची हृदयं काढून क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवली. एका हृदयाला त्याची व्हेगस नस जोडलेली होती, दुसऱ्याला नव्हती. पहिल्याच्या नसेला विजेचा हलका झटका दिल्यावर त्याचे ठोके मंदावले. ही गोष्ट आधीपासून माहीत होती. लोवींनी आता त्या हृदयाभोवतीचं द्रावण उचलून दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्याला नस नव्हती, झटकाही दिलेला नव्हता. तरी तेही मंदावलं. याचा अर्थ नसेनं द्रावणात काहीतरी सोडलं होतं आणि निरोप त्या पदार्थातून गेला होता. ही कल्पना आपल्याला रात्री झोपेत सुचली, अर्धवट जागं होऊन ती कागदावर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, आणि पुढच्या रात्री पुन्हा सुचली तेव्हा उठून थेट प्रयोगशाळा गाठली, अशी हकीकत लोवी सांगत. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलिन. १९३६ साली लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी लोवींना अटक केली आणि नोबेलची रक्कम काढून घेतल्यावरच देश सोडू दिला.

हृदयाचं ठीक आहे, पण मेंदूत निरोप विजेनंच जातो, असं म्हणणारा मोठा पक्ष त्यानंतरही होता. त्यातले अग्रणी जॉन एकल्स यांनी १९५१ साली स्वतःच्याच प्रयोगानं स्वतःचं मत खोटं ठरवलं आणि ते मोकळेपणानं मान्य केलं. विज्ञानाच्या इतिहासात हे फार वेळा घडत नाही, म्हणून त्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं.

डोपामाइनची गोष्ट सर्पगंधेपासून सुरू होते. ही वनस्पती भारतात उन्मादावर आणि निद्रानाशावर पूर्वापार वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाची नोंद ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. ते दिलं की जनावरं सुस्त होऊन पडत. मेंदूत नेमकं काय संपतं म्हणून ती अशी होतात, हे शोधायला स्वीडनचे आर्विद कार्लसन बसले.

१९५७ साली त्यांनी रिसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचलं. डोळे मिटून, कान पाडून बसलेले ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामाइन बनतं. तोवर डोपामाइनला स्वतंत्र काम असेल असं कोणाला वाटत नव्हतं. नॉरॲड्रेनलिन हे निरोप नेणारं दुसरं रसायन तयार होतानाचा एक मधला टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. मेंदूतली डोपामाइनची मोठी साठवण हालचाल सांभाळणाऱ्या भागात असल्याचं कार्लसन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांना पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत नेमक्या त्याच भागात डोपामाइन फार कमी आढळलं. तिथून पार्किन्सनवर एल-डोपाचा उपचार आला आणि हातपाय ताठरलेली माणसं पुन्हा चालू लागली. कार्लसन यांना २०००चं नोबेल मिळालं. या सगळ्या गोष्टीत ‘आनंद’ कुठेच नाही, हे ध्यानात ठेवावं.

आनंद आला तो दुसऱ्या दारानं. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवून प्रयोग करत होते. एका उंदराची तार ठरल्या जागी न बसता भलतीकडे गेली, आणि पेटीच्या ज्या कोपऱ्यात विजेची सूक्ष्म लहर मिळाली त्याच कोपऱ्याकडे तो पुन्हा पुन्हा जाऊ लागला. मग उंदराच्या स्वाधीन एक दांडी केली: दाबली की लहर मिळणार. उंदीर तासाला शेकडो वेळा दांडी दाबू लागले. हे १९५४ साली प्रसिद्ध झालं आणि ‘मेंदूतलं सुखकेंद्र’ ही कल्पना जन्माला आली. या भागांशी डोपामाइन सोडणाऱ्या चेतापेशींचा संबंध आहे हे नंतर कळलं, आणि १९८०च्या सुमाराला रॉय वाइज यांनी डोपामाइन म्हणजेच सुखाची अनुभूती अशी मांडणी केली. लोकप्रिय समजुतीचं मूळ इथे आहे.

ती समजूत मोडण्याचं काम मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनी केलं, आणि त्यांनी बघितला उंदराचा चेहरा. तोंडात गोड थेंब पडला की उंदीर जीभ बाहेर काढून ओठ चाटतो. कडू पडला की जबडा वासतो, डोकं झटकतो, पंजानं तोंड पुसतो. बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ नाहीसं केलं. असे उंदीर समोर अन्न असूनही खात नाहीत, नळीनं भरवलं नाही तर मरतात. डोपामाइन म्हणजे सुख असतं, तर साखरेची गोडीही गेली असती. पण १९८९च्या त्या प्रयोगात तोंडात साखरेचं पाणी सोडल्यावर ते नेहमीसारखेच ओठ चाटत होते. गोडी शाबूत होती. हरवली होती ती ओढ, उठून ती वस्तू मिळवावी ही इच्छा. वाइज यांनीही पुढे आपली जुनी भूमिका सोडली.

दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये वुल्फ्राम शुल्त्झ माकडांच्या डोपामाइन पेशींची नोंद घेत होते. फळांचा रस अचानक मिळाला की पेशी उसळत. रसाआधी दरवेळी दिवा लागतो हे माकड शिकलं की त्या दिव्यालाच उसळत आणि रसाला गप्प राहत. दिवा लागून रस आला नाही, तर तो यायच्या नेमक्या क्षणी मंदावत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक जणू त्या मोजत होत्या. माझ्या मते प्राथमिक पुस्तकात डोपामाइनचं एकच उदाहरण द्यायचं असेल तर ते हे असावं.

सेरोटोनिनची वाट अजून वेगळी. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांना ते १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरात सापडलं, अमेरिकेत १९४८ साली रक्तात, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणून. मेंदूत ते असल्याचं बेट्टी ट्वारॉग यांनी १९५३ साली दाखवलं. आजही शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात असतं.

नैराश्याशी त्याची गाठ औषधांमुळे पडली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या एका क्षयरोग रुग्णालयात इप्रोनायझिड हे नवं औषध घेणारे रुग्ण कमालीचे उत्साही दिसू लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोलान्ड कून यांना स्किझोफ्रेनियासाठी आलेलं इमिप्रमिन नैराश्यावर लागू पडताना दिसलं. तो अहवाल १९५७चा. म्हणजे औषधं आधी सापडली, तीही चुकून. ती मेंदूत काय करतात हे नंतर उलगडलं: काही औषधं रसायनांचं विघटन रोखतात, काही ती पेशीत परत ओढली जाऊ देत नाहीत. ही रसायनं वाढवली की रुग्णाला बरं वाटतं, तर आजार ती कमी पडल्यामुळेच असणार, असा उलटा तर्क १९६५च्या सुमाराला मांडला गेला. जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरॲड्रेनलिनबद्दल, ॲलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनबद्दल. शिल्डक्राउट यांनी स्वतः ते गृहीतक म्हणूनच मांडलं होतं. काठी टेकून लंगडणारा चालू लागला, म्हणून काठी नसल्यामुळे त्याचा पाय मोडला असं आपण म्हणत नाही. इथे मात्र तसं म्हटलं गेलं. १९८७च्या डिसेंबरात अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला, म्हणजे सेरोटोनिन पेशीत परत ओढलं जाऊ न देणाऱ्या नैराश्यावरच्या औषधाला, मंजुरी मिळाली आणि पुढच्या दशकात ‘रसायनांचा असमतोल’ हा शब्दप्रयोग जाहिरातींतून घराघरांत गेला. २०२२ साली जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सेरोटोनिन कमी असतं याला सुसंगत पुरावा त्यांना सापडला नाही. याचा अर्थ औषधं कुचकामी आहेत असा मुळीच नाही, आणि कोणीही डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नयेत. पण आजारी माणसाला ‘तुझ्या मेंदूत अमुक एक कमी आहे’ असं ठामपणे सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बरेच जण त्या वाक्याच्या आधारावर स्वतःला कायमचं सदोष समजू लागतात.

आता दुसरी वाट. आनंद मोजायचा तर माणसालाच विचारायचं, हे धाडस आधी जनमत चाचण्या घेणाऱ्यांनी केलं. १९६५ साली हॅडली कँट्रिल यांनी आयुष्याची शिडी मांडली: तुमच्यासाठी सगळ्यात वाईट आयुष्य ० वर, सगळ्यात चांगलं १० वर, तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? जागतिक आनंद अहवालातली देशांची क्रमवारी आजही याच शिडीवर बेतलेली असते. त्यात मेंदूची कुठलीही तपासणी नाही. १९६९ साली नॉर्मन ब्रॅडबर्न यांनी दाखवलं की सुखद आणि दुःखद भावना एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत. दोन्ही एकाच आठवड्यात भरपूर असू शकतात.

विद्यापीठांतल्या मानसशास्त्रज्ञांना हा विषय पोरकट वाटायचा. एड डीनर यांना विद्यार्थिदशेत शेतमजुरांच्या आनंदावर अभ्यास करायचा होता. आनंद मोजता येत नाही, असं सांगून प्राध्यापकांनी तो फेटाळला. नोकरीत कायम झाल्यावरच ते या विषयाकडे वळले, आणि १९८४ सालच्या त्यांच्या आढाव्यानं या अभ्यासाला बैठक दिली.

या वाटेवरचा सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात चुकीचा सांगितला जाणारा अभ्यास १९७८चा, फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा. इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेले २२ जण, अपघातात लुळे पडलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सामान्य माणसं. ‘वर्षभरात लॉटरीवाले आणि अपघातग्रस्त सारखेच खूश होते’ असं सर्रास ऐकायला मिळतं. मूळ आकडे पाहा. ५ पैकी सध्याचा आनंद: लॉटरीवाले ४.००, सामान्य माणसं ३.८२, अपघातग्रस्त २.९६. लॉटरीनं फारसा फरक पडला नाही हे खरं, पण अपघातानं पडला होता. अभ्यासातली खरी लक्षवेधी गोष्ट दुसरीच होती: मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून मिळणारं सुख लॉटरीवाल्यांनी सामान्य माणसांपेक्षा कमी नोंदवलं. माणूस सगळ्याला सरावतो ही समजूत पुढे इतकी बळावली की १९९६ साली जुळ्यांच्या अभ्यासावरून डेव्हिड लिकन आणि ऑक टेलेगन यांनी, जास्त आनंदी होऊ पाहणं हे जास्त उंच होऊ पाहण्याइतकंच व्यर्थ असावं, असं लिहिलं. लिकन यांनी काही वर्षांतच ते विधान मागे घेतलं.

या दोन वाटा जिथे खरोखर भेटल्या, तो प्रयोग आनंदाचा नव्हता. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. आज वाचताना त्रास होतो असाच तो प्रयोग आहे. ज्यांना झटका थांबवता येत होता ते कुत्रे पुढे सुटका करून घ्यायला शिकले. ज्यांना काहीच करता येत नव्हतं, त्यांतले बहुतेक पुढे वाट मोकळी असतानाही पडून राहिले. यालाच ‘शिकलेली असहायता’ म्हणू लागले. सेलिग्मन आनंदाकडे वळले, १९९८ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष झाले आणि सकारात्मक मानसशास्त्राची हाक दिली. मायर मेंदूविज्ञानात गेले.

२०१६ साली दोघांनी पुन्हा एकत्र लिहिलं आणि आपलाच जुना सिद्धांत उलटा केला. असहायता शिकावी लागत नाही, ती मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. लांबलेल्या त्रासात मेंदूच्या खोडातल्या पेशींचा एक पुंजका जोरात कामाला लागतो आणि प्राणी हालचाल सोडतो. परिस्थितीवर ताबा आहे हे कळलं, तर कपाळामागचा भाग त्या पुंजक्याला आवर घालतो. उंदरांवरच्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून मायर यांना हे मिळालं. तो पुंजका सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशींचा आहे. म्हणजे तिथे सेरोटोनिन वाढतं, तेव्हा प्राणी हार मानतो.